रात्री साडेआठचा अर्धा तास

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नोकरी करणाऱ्या आयांसाठी आलेला लेख वाचला. दिवसभर बाहेर असलात तरी रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून मुलाला ‘क्वालिटी टाइम’ द्या, म्हणजे काळजीचं कारण नाही, असा एकंदर सूर. लिहिणाऱ्या बाईंचा हेतू चांगलाच असणार. पण मी डोंबिवली पूर्वेला पंचवीसेक वर्षं पाळणाघर चालवते आणि हा अर्ध्या तासाचा हिशेब मला काही केल्या जुळवता येत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांचं एक वेळ ठीक आहे. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या पोरांचा त्या लेखात विचारच नाही, आणि माझ्याकडे जास्त भरणा त्यांचाच.

आमच्याकडच्या आईबापांचा दिवस कसा असतो ते आधी सांगते. डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किलोमीटर. फास्ट लोकल मिळाली तरी तास-सव्वा तास जातो. पुढे ऑफिस फोर्टात असेल तर चालत, लोअर परळला असेल तर दादरला उतरून आणखी एक गाडी. सकाळी साडेसातच्या आत पोर माझ्या कडेवर देऊन आई स्टेशनकडे पळते, ती संध्याकाळी साडेसात-पावणेआठला उगवते. पावसाळ्यात गाड्या रखडल्या की किती वाजतील ते देवाला ठाऊक. घरी जाऊन कुकर लावायचा, दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी चिरायची. साडेआठला तो अर्धा तास काढला तरी पोर तोवर किरकिरं झालेलं असतं, डोळे चोळत असतं. त्याला त्या वेळी ना पुस्तक हवं असतं, ना रंगीत ठोकळे. आईच्या खांद्यावर डोकं टाकून पडायचं असतं, बस. आई मात्र लेखात वाचलेलं आठवून त्याला ठोकळ्यांचे रंग विचारत बसते. मूल रडतं, मग तीही रडते. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मला हे सगळं ऐकायला मिळतं.

लहान मुलाचं खरं काम दिवसा कधीही, काही न ठरवता होतं. परवाचीच गोष्ट. मी जमिनीवर बसून मटार सोलत होते. चौदा महिन्यांचा एक मुलगा रांगत आला आणि माझ्या मांडीला टेकून उभा राहिला. परातीतली एक शेंग उचलली, उलटसुलट करून पाहिली, माझ्या हातात दिली. मी ती फोडली. आतले दाणे बघून त्याने भुवया वर केल्या आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी म्हटलं, “मटार.” तो म्हणाला, “ता.” मी म्हटलं, “हो, मटार. हिरवा.” त्याने एक दाणा चिमटीत धरायचा प्रयत्न केला, तो घरंगळला, पुन्हा धरला, पुन्हा घरंगळला. तिसऱ्या खेपेला जमला तेव्हा त्याने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग हसला. (तोंडात टाकणार हे ठाऊक होतं, म्हणून माझा हात त्याच्या हनुवटीखाली तयारच होता. या वयात कच्चा दाणा घशात अडकतो.) मग दुसरी शेंग. तेवढ्यात खिडकीत कावळा आला. मटार सोडून आम्ही कावळा बघितला. कावळा उडाला तसं त्याने ‘गेला’ म्हणून दोन्ही हात पसरले. आणि पुन्हा मटार. पाऊण किलो मटार सोलायला त्या दिवशी मला अख्खी सकाळ लागली.

यात मी त्याला काही ‘शिकवलं’ नाही. पण बोटांची पकड, नवा शब्द, आपण दाखवलं तर समोरचं माणूस बघतं हा भरवसा, सगळं त्या परातीपाशी झालं. ते सकाळी अकराला झालं, कारण त्याला ते अकराला सुचलं. दिवसभरात असे पन्नास प्रसंग येतात आणि प्रत्येक वेळी ते पोर आधी वर बघतं, कोणी बघतंय का म्हणून. त्या वेळी कोणीतरी बघत असायला हवं. ते सगळं साठवून रात्री साडेआठला देतो म्हणणं हे दिवसभर उपाशी ठेवून रात्री पंगत वाढण्यासारखं आहे.

माझी भाची मानसशास्त्र शिकली. तिने मला एकदा एक जुना प्रयोग दाखवला होता. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तो १९७०च्या दशकात केला. आई बाळाशी नेहमीसारखी हसत-बोलत खेळते. मग सांगितल्याप्रमाणे ती चेहरा एकदम कोरा करते. बाळाकडे बघते, पण हसत नाही, बोलत नाही, काहीच नाही. दोन-एक मिनिटांचाच खेळ. बाळ आधी हसून बघतं, मग बोट दाखवतं, हात पुढे करतं, किंचाळतं, आणि काहीच चालत नाही म्हटल्यावर तोंड फिरवून रडायला लागतं. आई पुन्हा पहिल्यासारखी झाली की सावरतं. भाचीने ते मला काहीतरी नवीन म्हणून दाखवलं. मला त्यात नवीन काही दिसलं नाही. मी हे रोज संध्याकाळी दारात बघते, फक्त आमच्याकडे कोरा चेहरा मोबाइलकडे वळलेला असतो.

एक गृहस्थ रोज मुलीला न्यायला येतात. सज्जन माणूस. जिना चढतानाच कानाला फोन. मुलगी दोन वर्षांची. दिवसभरात जमवलेली काहीतरी चीज, बाटलीचं झाकण, चिंचोका, असं काहीतरी घट्ट मुठीत घेऊन ती दाराशी उभी असते. बाबा एका हाताने तिच्या चपला चढवतात, मान हलवतात, “हो सर, करतो सर, रात्री पाठवतो.” मूठ उघडून ती हात वर धरून उभी. पंधरा दिवस मी गप्प राहिले. सोळाव्या दिवशी त्यांना म्हटलं, “फोन संपेपर्यंत खाली थांबा. वर आलात की तिचे.” आता ते खाली रिक्षा स्टँडपाशी येरझाऱ्या घालून बोलणं संपवतात आणि मग वर येतात. कधी दहा मिनिटं उशीर होतो, होऊ दे. पण साहेबाचा फोन संध्याकाळी साडेसातला का येतो, हे विचारायला आपल्या पुरवणीला जागा मिळाली नाही. तो बाप काही हौसेने फोनवर नसतो.

मुद्दा इथेच आहे. त्या लेखात आई अठरा-वीसदा आली असेल, बाप एकदाही नाही. आईने अपराधी वाटून घेऊ नये असं लिहून तिलाच सतरा गोष्टी करायला सांगितल्या आहेत. मला विचाराल तर या बायकांनी करायचं ते त्या आधीच करतात. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा झाली, त्याचा फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे. पूर्वी तीन महिन्यांची, मान नीट न धरणारी बाळं माझ्याकडे यायची. आईचा पान्हा चालू आणि बाळ इथे वाटी-चमच्यावर. ऑफिसच्या बाथरूममध्ये दूध पिळून टाकून यायच्या बिचाऱ्या. आता बाळ सहा महिन्यांचं होऊन येतं, वरचं खाऊ लागायच्या बेताला. हे फार मोठं काम झालं. पण बापाला काय? केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवसांची रजा आहे. खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसही नाही; मालकाच्या मनात असेल तर देतो. बारशाला सुट्टी मिळाली नाही म्हणून रात्री उशिरा धावतपळत आलेले बाप मी पाहिले आहेत. तान्ह्या पोराला बापाच्या अंगाचा वास, त्याचा आवाज ओळखीचा व्हायला तो माणूस घरात दिसायला नको का?

आणि ही सगळी बात पगारदारांची. माझ्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या बाईंना कसली रजा? त्या चार घरची कामं करतात. पहिल्या बाळंतपणाला सरकारच्या मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, तेवढ्यात चार घरच्या कामाचा एक महिनाही भरून निघत नाही. महिना-दीड महिना घरी बसल्या तर घरं दुसरीला जातात. त्यांची लेक सव्वा महिन्याची असताना मीच म्हटलं, घेऊन या इथे. माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी साडीची झोळी बांधली होती. पोळी तव्यावर टाकता टाकता त्या पायाने झोळीला झोका द्यायच्या आणि तिच्याशी अखंड बोलायच्या, आज कोणाकडे भांडी किती पडली, कोणाच्या कुत्र्याने काय केलं. पोरगी टक लावून ऐकायची. वर्षाच्या आत बोलायला लागली. कुठल्याही ठोकळ्यांशिवाय.

अंगणवाडी आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे, आणि तिच्या सेविकांबद्दल मला आदरच आहे. पण १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून शिकण्या-खेळण्यासाठी अंगणवाडीत बसायचं ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी, तेही काही तास. त्याखालच्या बाळांसाठी लसीकरण, वजन आणि घरी न्यायचं शिध्याचं पाकीट. सरकारच्याच २०२०च्या शैक्षणिक धोरणात लिहिलं आहे की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. मग पहिल्या तीन वर्षांत आई कामावर असताना त्या बाळाशी दिवसभर बोलायचं कोणी? २०२२पासून अंगणवाडीतच पाळणाघर जोडायची ‘पाळणा’ नावाची योजना केंद्राने आणली आहे. चांगली आहे. आमच्या आसपास मला तरी ती अजून दिसलेली नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. पोरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्या पाड्यावर पोरांच्या अंगणात जाऊन बसल्या. धाकटं भावंड सांभाळायचं म्हणून मोठी बहीण शाळेत येत नाही हे दिसल्यावर धाकट्याचीही सोय शाळेशेजारी केली. मूल जिथे आहे तिथे मोठ्या माणसाने जायचं, इतकी साधी रीत. आम्ही मात्र सगळं उलटं केलं. मोठी माणसं ४८ किलोमीटर लांब, आणि तिथून व्हिडिओ कॉल.

व्हिडिओ कॉलवरून सांगते. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने २०२१मध्ये सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओवर बोलणं तेवढं चालेल. माझ्याकडे टीव्ही मुलं जाईपर्यंत बंद असतो. समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींना बरेच दिवस वाटायचं, आमचा टीव्ही बिघडलाय. पण ऑफिसातून मधेच “जरा दाखवा ना, काय करतोय” म्हणून व्हिडिओ कॉल करणाऱ्या आईबापांना मी दुपारी नाही म्हणते. छान खेळणारं पोर आईचं तोंड मोबाइलमध्ये बघतं, तिला पकडायला जातं, हाताला काच लागते. फोन बंद झाला की अर्धा तास दाराकडे बघत बसतं. आईच्या जिवाला तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण मागून पोराला समजावणारी मी असते. त्यापेक्षा साधा फोन करा, मी सविस्तर सांगते, काय खाल्लं, कशी शी झाली, कोणाला चावला.

अजून एक, कारण जून आला की नवी पोरं येतात आणि दर वर्षी हेच होतं. पोराचा डोळा चुकवून पळू नका. “तिकडे भूभू बघ” म्हणून त्याला खिडकीशी न्यायचं आणि आईने मागच्या मागे सटकायचं, ही युक्ती आज्या-पणज्यांपासून चालत आली असेल, पण ती वाईट आहे. भूभू बघून पोर मागे वळतं तर आई नाही. मग ते दिवसभर कशातच रमत नाही, दार राखत बसतं. मी शौचालयात गेले तरी बाहेर बसून रडतं, कारण माणसं पाठ वळली की नाहीशी होतात हे त्याला कळलेलं असतं. सरळ सांगून जावं. “आई कामाला चालली, संध्याकाळी येईल, टाटा.” ते रडणार, जोरात रडणार. रडू दे. ते रडणं दहा-पंधरा मिनिटांचं असतं, कडेवर घेणारं माणूस ओळखीचं असेल तर. ते ओळखीचं व्हावं म्हणून पहिला आठवडा आईने नाहीतर बापाने माझ्याकडे येऊन बसायचं अशी माझी अट आहे. पहिल्या दिवशी तासभर, मग हळूहळू वेळ वाढवत, मधेच पाच मिनिटं बाहेर जाऊन परत. पूर्वी यासाठी आजीच यायची. हल्ली बाप येऊ लागलेत. कोपऱ्यात मांडी घालून बसतात, सुरुवातीला अवघडतात, तिसऱ्या दिवशी चार पोरं अंगावर चढलेली असतात. काही जण या आठवड्यासाठी आजारपणाची रजा टाकून येतात. खोटं बोलून. कारण ‘मुलाला पाळणाघरात रुळवायचंय’ या कारणाला ऑफिसात रजा नाही.

२६ जुलै २००५ला आईबाप मुंबईत अडकले होते तेव्हा पाच-सहा पोरं रात्रभर माझ्याकडे राहिली. लाइट नाही, फोन लागत नाहीत, खालच्या रस्त्यावर गुडघ्याच्या वर पाणी. मेणबत्तीच्या उजेडात पिठलं-भात केला. मला वाटलं होतं रात्रभर आकांत होईल. एक मुलगा थोडा रडला, बाकीची झोपली. रोजचं घर, रोजची गोधडी, रोजची मावशी. दुसऱ्या दिवशी दुपारी रुळांवरून चालत आलेले आईबाप चिखलाने माखून दारात उभे राहिले, तेव्हा रडले ते तेच. मुलाला चोवीस तास आईच लागते असं माझं अजिबात म्हणणं नाही. माझं तर पोटच त्यावर आहे! पण जी दोन-चार माणसं त्याची म्हणून आहेत ती रोज तीच असावीत, आणि त्यांच्यापाशी त्याच्यासाठी मोकळा हात असावा. मी एक आणि मदतनीस एक, दोघी मिळून आठच्या वर मुलं घेत नाही. एकेका बाईच्या गळ्यात पंधरा-पंधरा पोरं घालणारी आणि दर दोन महिन्यांनी बाई बदलणारी पाळणाघरंही आहेत. भिंतीवर छान जिराफ काढलेले असतात. तिथे चौकशीला जाल तेव्हा जिराफ बघू नका. सांभाळणारी बाई किती वर्षं आहे ते विचारा.

आता मागणी. उपदेश पुष्कळ झाला. आईला तर जन्मभर पुरेल एवढा. २०१७च्या त्याच दुरुस्तीत लिहिलं आहे की ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे मालकाने पाळणाघराची सोय करायची, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचं. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही अट आहे. त्याआधी १९४८च्या कारखाने कायद्यात तीसहून जास्त बायका असतील तर पाळणाघर होतं. म्हणजे कागदावर आपण काही मागे नाही. माझ्याकडे येणाऱ्या आयांपैकी किती जणींच्या कचेऱ्यांत शंभराच्या वर माणसं आहेत, आणि तरी पोर इथेच का, असं विचारलं की त्या हसतात. एकीला सांगण्यात आलं, पाळणाघर आहे, पण ते बांद्र्याला, आणि ती बसते ठाण्यात. दुसरीच्या ऑफिसात ती खोली आहे, तिच्यात जुन्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. कंपन्यांची नावं लिहीत नाही, बायकांना नोकऱ्या टिकवायच्या आहेत. आणि ५० माणसं नसलेल्या दुकानांत, दवाखान्यांत, क्लासेसमध्ये काम करणाऱ्यांचं काय, हा वेगळाच प्रश्न.

ऑफिसातल्या पाळणाघराने आमच्या लोकांचं पूर्ण भागेल असंही नाही. सकाळच्या गर्दीत वर्षाचं पोर घेऊन फास्ट लोकलमध्ये चढून दाखवा. सोय हवी ती घराजवळ किंवा स्टेशनजवळ. मालकांनी खर्च द्यावा, पालिकेने जागा द्यावी. पालिकेच्या किती बंद शाळांच्या इमारती पडून आहेत! आणि तीन वर्षांखालचं मूल असलेल्या आईला नि बापाला, दोघांनाही, आठवड्यातून निदान दोन दिवस चारला निघायची मुभा द्या. चारला निघालेला माणूस साडेपाचला इथे येतो. साडेपाचचं पोर आणि साडेआठचं पोर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. साडेपाचला ते झोपून, दूध पिऊन ताजंतवानं असतं, बाहेर जायला चपला स्वतः घेऊन येतं. गणपतीच्या आदल्या दिवशी ऑफिसं लवकर सुटतात तेव्हा मी हे बघते. बापलेक रस्त्याने जाताना दर दोन पावलांवर थांबतात. मांजर, खड्डा, जेसीबी.

तेव्हा पुढचा लेख काढाल तो बापांसाठी काढा. आणि त्याआधी आपला एखादा वार्ताहर इकडे एमआयडीसीत फेज एक आणि दोनमध्ये पाठवा. ५०च्या वर कामगार असलेल्या किती ठिकाणी पाळणाघर चालू आहे, किती ठिकाणी नुसती पाटी आहे, ते स्वतः डोळ्यांनी बघून छापा. अशी गणती तुम्ही छापलीत तर मी ती कात्रण करून दारावर लावीन, येणारे-जाणारे आईबाप वाचतील. वार्ताहराचा चहा-पोहे माझ्याकडे. फक्त एक ते तीनमध्ये बेल वाजवू नये. एवढी पोरं पुन्हा झोपवायची तर मला रात्रच होते.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक पाळणाघरवाली मावशी,
डोंबिवली (पूर्व)